आठवीचा वर्ग एकाएकी गप्प होतो तेव्हा

सर, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतरांना कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडते. तुम्ही साताऱ्याकडचे, शासनाच्या शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून निवड होऊन यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावी शिक्षणसेवक म्हणून रुजू झालात. आठवी-नववीला गणित शिकवता. सहावीची मुलं ‘सर मी, सर मी’ करत अंगावर येतात आणि आठवीत प्रश्न विचारला की चाळीस माना खाली. मुलांचं ‘मले-तुले’ सुधारायला गेलात तर ती आणखीच गप्प झाली. गेल्या आठवड्यात एका मुलाला फळ्यापाशी बोलावलंत. तो नुसता उभा राहिला. तुम्ही म्हणालात, “एवढं सोपं येत नाही? पाचवीत नेऊन बसवू का?” त्यानं खडू फेकला आणि वर्गातून निघून गेला. मुख्याध्यापक म्हणतात, पालकांना बोलवा आणि सगळ्या वर्गासमोर माफी मागायला लावा. तुम्ही विचारता, कडक व्हायचं, की ‘वयच असं असतं’ म्हणून सोडून द्यायचं?

मी तुमच्याच जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या बाजूला एका अनुदानित हायस्कुलात सव्वीस वर्षं गणित-विज्ञान शिकवते आहे. पाच-सहा गावांतून मुलं येतात. कोणाच्या घरी वऱ्हाडी, कोणाच्या बंजाऱ्यांची गोरमाटी, कोणाच्या कोलामांची कोलामी. माझं म्हणणं या अनुभवापुरतं धरा.

तुम्ही दिलेले दोन्ही पर्याय मला पटत नाहीत, कारण दोन्हींत गृहीत एकच आहे की मुलगा बिघडलाय. आठवीच्या वर्गात हात वर करणं हा गणिताचा प्रश्न राहत नाही, तो अब्रूचा होतो. सहावीच्या मुलाला उत्तर चुकलं तर मॅडम काय म्हणतील याची काळजी असते. आठवीच्या मुलाला मॅडमचं फारसं काही नसतं. तिसऱ्या बाकावरची चौघं काय म्हणतील, मधल्या सुट्टीत आपलं काय नाव पडेल, हे त्याच्या डोक्यात असतं. न बोलण्यात धोका नाही आणि बोलण्यात आहे, म्हणून तो बोलत नाही. त्याच्या बाजूनं हिशेब अगदी बरोबर आहे.

डेव्हिड एल्काइंड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९६७ मध्ये याला ‘काल्पनिक प्रेक्षक’ असं नाव दिलं. या वयात मुलाला सतत वाटत असतं की सगळे आपल्याकडेच बघताहेत. चपलेचा तुटलेला अंगठा, ओठावरची लव, फाटलेला आवाज, सगळं जणू गावानं पाहिलंय. आता आपल्याकडे गंमत अशी की हे प्रेक्षक नेहमी काल्पनिक नसतात. शंभर-दीडशे उंबऱ्यांच्या गावात वर्गात झालेली फजिती संध्याकाळी पाराशी पोचलेली असते. शहरातला मुलगा शाळा सुटल्यावर दुसऱ्या वस्तीत हरवून जातो, आपला हरवणार कुठे?

दुसरी गोष्ट २००५ मधल्या एका प्रयोगाची. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी ३०६ जणांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला. दिवा पिवळा झाल्यावर किती पुढे जायचं आणि कधी थांबायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. काही जण एकटे खेळले, काहींच्या शेजारी दोन सोबती बसवले. सोबती बघत असताना तेरा ते सोळा वयाच्या मुलांनी एकट्यांपेक्षा कितीतरी जास्त धोका पत्करला. चोवीसच्या पुढच्यांवर सोबत्यांचा फारसा परिणाम झाला नाही. तुमच्या त्या मुलानं खडू फेकला तो चाळीस जणांसमोर. स्टाफरूमच्या दारात तुम्ही दोघंच असता तर बहुतेक त्यानं नुसती मान खाली घातली असती.

मेंदूचं थोडक्यात सांगते, कारण हल्ली सगळेच ते सांगतात आणि अर्धवट सांगतात. वयात येताना भावना, चुरस, बक्षिसाची ओढ यांच्याशी संबंधित भाग फार संवेदनशील होतो. आवर घालणारा, पुढचा विचार करणारा कपाळामागचा भाग मात्र पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्का होत राहतो. बैल धावायला लागलेत आणि कासरा अजून वळणं चालू आहे, असं समजा. पण याचा अर्थ मुलाला अक्कल नाही असा नाही. डोकं थंड असताना पंधरा-सोळाचा मुलगा बऱ्याच बाबतीत मोठ्यांच्या तोडीचा विचार करतो. त्याच मुलाचा तोल तापलेल्या क्षणी, दहा डोळ्यांसमोर जातो. म्हणून माझा एक साधा नियम आहे. भांडणाचा निकाल त्याच तासाला द्यायचा नाही. “आपण नंतर बोलू,” एवढं म्हणून पुढचं उदाहरण घ्यायचं. वर्गाला वाटतं मॅडम भ्यायल्या. वाटू द्यावं.

हा नियम मला अक्कल आली म्हणून आलेला नाही. तुम्ही केलंत तेच मी बारा-तेरा वर्षांपूर्वी केलंय.

आठवीचं एकचल समीकरण होतं. मुलगा फळ्यापाशी. सात बरोबरच्या चिन्हापलीकडे नेला पण वजाचं अधिक केलं नाही. मी म्हटलं, “बघ बरं नीट.” त्यानं तळहातानं पुसलं, परत तेच लिहिलं. मागून कोणीतरी खुसखुसलं. त्यानं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि आवाज मध्येच चिरकला, आवाज फुटायचे दिवस होते त्याचे. वर्ग फुटला. आणि मी, शहाणी, हसत हसत म्हणाले, “आधी आवाज शोधून आण, मग क्ष शोध.” वर्ग आणखी हसला. तो जागेवर जाऊन बसला आणि दुसऱ्या दिवसापासून आला नाही.

अकराव्या दिवशी, रविवारी, मी गेले. दिवाळीनंतरचे दिवस, वेचणी जोरात. तो आई आणि दोघी बहिणींसोबत दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचत होता. संध्याकाळी धुऱ्यावरच्या बाभळीला ताणकाटा टांगलेला, मालक गाठोडी मोजतोय, मी बाजूला उभी. दर गाठोड्यामागे कापडाचं म्हणून पावशेर वजा चाललं होतं. तेवढ्यात हा पोरगा शांतपणे म्हणाला, “दादा, सकाळी दहिवरानं कापड ओलं होतं तव्हा पावशेर ठीक हाय. दुपारून ते वाळलं. आता अर्धा पावशेर बी नाई भरत. बारा खेपा झाल्या दुपारपासून. दीड किलो आमचं जाते.” मालकानं एक रिकामं कापड काट्याला लावलं. मुलगा बरोबर होता. त्या वर्षी वेचणी सात रुपये किलो होती, म्हणजे साडेदहा रुपये.

मी फळ्यावर ज्याला चल म्हणत होते ते त्याला पाठ होतं. कापडाचं वजन स्थिर नाही, दहिवरानं बदलतं, आणि ते दोन्हीकडून सारखंच वजा व्हायला पाहिजे. घरी निघताना त्यानं मला एवढंच सांगितलं, “मले येत होतं मॅडम. सारे पाहत होते.”

तो पुढच्या आठवड्यात शाळेत आला. पण दहावीपर्यंत माझ्या तासाला शेवटच्याच बाकावर बसला. त्यानं मला पूर्ण माफ केलं असं मला आजही वाटत नाही.

त्यानंतर मी शिकवण्यात जे बदललं त्यातलं सगळ्यात उपयोगी सांगते. गावात लग्नपत्रिकांना तोटा नाही. त्यांची कोरी बाजू वापरायची. प्रश्न विचारला की हात वर करायचा नाही, प्रत्येकानं पत्रिकेमागे उत्तर लिहायचं, नाव लिहायचं नाही. दोन मुलं पत्रिका गोळा करतात. त्यातून मी तीन-चार वेगवेगळी उत्तरं फळ्यावर उतरवते, चुकीची मुद्दाम घेते. मग विचारते, “हे उत्तर काढणाऱ्यानं काय विचार केला असेल?” आता वर्ग बोलायला लागतो, कारण ते दुसऱ्या कोणाच्या तरी चुकीबद्दल बोलतात, आणि ज्याची चूक आहे तोही हिरिरीनं बोलतो. मला चूक कोणती ते कळतं, कोणाची ते वर्गाला कळत नाही. एका प्रश्नाला सात-आठ मिनिटं जातात. अभ्यासक्रम मागे पडतो का? पहिल्या दोन महिन्यांत पडतो. तुमचा पट साठचा असेल तर साठ पत्रिका वाचत बसू नका, एका ओळीच्या घ्या, रोज ओळ बदला.

सोबत्यांची ताकद उलटी वापरायची, हाही त्यातलाच भाग. एकट्यानं उत्तर द्यायला सांगितलं तर जो गप्प असतो, त्याला “तुम्ही दोघांनी मिळून काय ठरवलं?” असं विचारलं की बोलतो. चुकलं तर ते दोघांचं चुकतं.

फळ्यापाशी मी कोणालाही सक्तीनं बोलवत नाही, आणि मुलींना तर मुळीच नाही. याचं कारण पुरुष शिक्षकांच्या लक्षात यायला वेळ लागतो. पाळीच्या दिवसांत, कापडावर किंवा एकाच पॅडवर सकाळपासून बसलेली मुलगी चाळीस जणांकडे पाठ करून उभी राहणार नाही. ती “येत नाही” म्हणेल आणि तुम्ही वहीत ‘अभ्यास कच्चा’ लिहाल. आमच्या आठवीच्या वर्गात एक लहान कपाट आहे, त्यात पॅड ठेवलेले असतात आणि किल्ली एका मुलीकडे असते. “पेन पाहिजे” म्हटलं की समजायचं. तुम्ही किल्ली देऊन टाका, हिशेब विचारू नका, महिन्यातून एकदा पाकीट आणून ठेवा.

शिवाय मुली साधारण वर्ष-दोन वर्षं आधी वयात येतात. आठवीच्या वर्गात म्हणूनच एक पूर्ण वाढलेली मुलगी आणि तिच्या खांद्याएवढाही नसलेला मुलगा एका वर्गात असतात. ती उंची लपवायला पोक काढून बसते. तो लहानखुरा राहिला म्हणून विदूषक होतो, कारण तेवढाच मान त्याला मिळू शकतो. उंचीनुसार ओळ लावायची शाळांची सवय आहे ना, ती या दोघांसाठी रोजची शिक्षा असते. आणि आपल्याकडे प्रजननाचा धडा दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये येतो. शरीर अकरा-बाराला बदलायला लागतं, पुस्तक पंधराला बोलतं. मधली तीन-चार वर्षं मोबाइल शिकवतो. मी आठवीतच दोन तास काढते. प्रश्न पत्रिकेमागेच, बिननावी. तुम्ही अविवाहित तरुण शिक्षक असाल तर मुलींचा तास एखाद्या मॅडमना किंवा गावच्या आशाताईंना घ्यायला सांगा. तुमच्यासाठी आणि मुलींसाठी तेच बरं.

‘मले-तुले’बद्दल. हे जरा स्पष्टच बोलते. पाचवीच्या पोराचं ‘मले’ तुम्ही ‘मला’ केलंत तर तो हसून ‘मला’ म्हणेल. तेराव्या वर्षी ते त्याच्या आईच्या बोलण्याला नावं ठेवल्यासारखं लागतं. गणिताच्या तासाला गणित बरोबर आहे का एवढंच पाहायचं. लिहिताना प्रमाण मराठी हळूहळू येतेच, आणि तुम्ही स्वतः चार महिन्यांत ‘काहून’ म्हणायला लागाल, बघाच.

आता क्ष-य चा मुद्दा. पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञानं म्हटलं की अकरा-बारापासून मूल अमूर्त विचार करू लागतं. पुस्तकं त्या हिशेबानं सातवी-आठवीत बीजगणित वाढवतात. पण ती क्षमता सगळ्यांना एकाच जूनमध्ये येत नाही, आणि एका विषयात आली म्हणून दुसऱ्यात येते असंही नाही. ज्याला बी, खत आणि फवारणीचा एकरी हिशेब तोंडी येतो त्याला समीकरण मांडता येईलच असं नाही. मी आता समीकरणाचा पहिला आठवडा क्ष न लिहिता घालवते. गाठोडं आणि कापड, पोतं आणि बारदाना. पोरं आपणहून म्हणतात, “मॅडम, दर वेळी बारदाना-बारदाना काय लिहायचं, नुसतं ब लिहू.” मग क्ष आणते.

झोप आणि पोट यांचं लिहिल्याशिवाय हे उत्तर अपुरं राहील. या वयात मेलॅटोनिन हे झोपेचं संप्रेरक रात्री उशिरा स्रवायला लागतं, म्हणून मुलांना झोपच उशिरा येते. गरज मात्र आठ ते दहा तासांची असते. शहरातले पालक मोबाइलला दोष देतात. आमच्या वर्गात पहिल्या तासाला डुलक्या घेणारा मुलगा बरेचदा जागलीवरून आलेला असतो. हरभऱ्यात रानडुकरं आणि रोही (नीलगाई) शिरतात, बाप एकटा किती रात्री काढणार? नाहीतर ओलिताची लाइन, म्हणजे पंपाची वीज, रात्रीची असते आणि पोरगा बापासोबत पाणी द्यायला गेलेला असतो. त्याला उभं करून तोंड धुवायला पाठवण्यानं काही होत नाही. मी दहा मिनिटं डोकं टेकू देते. शासनानं २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊनंतर भरवायला सांगितलं, चांगलंच केलं, पण सकाळी उठणं शरीरानंच अवघड झालेलं असतं ते या मोठ्यांना. आणि उन्हाळा लागला की आमची शाळा सातची. त्यावर माझ्याकडे उपाय नाही, ऊनच तसं आहे. तेव्हा मार्चनंतर पहिल्या तासाला नवीन संकल्पना काढायची नाही, सराव द्यायचा, एवढंच माझ्या हातात आहे.

शाळेतली खिचडी आठवीपर्यंत. नववीत गेलं की ताट बंद, आणि नेमकी तेव्हा भूक दुप्पट होते. नववीचा वर्ग दुपारनंतर चिडचिडा वाटला तर आधी डबा कोणी आणला ते पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के आणि मुलांपैकी ३१ टक्के रक्तक्षयी निघाले होते. रक्त कमी असलेलं मूल आळशी दिसतं, लक्ष नसल्यासारखं दिसतं. लोहाच्या निळ्या गोळ्या शाळेत आठवड्याला एक यायला हव्यात. रिकाम्या पोटी दिल्या तर मळमळतं, एकीला मळमळलं की वर्ग गोळ्या खिडकीतून टाकतो. जेवणानंतर द्या, आधी स्वतः सगळ्यांसमोर घ्या, आणि शौचाला काळी होते, त्यात घाबरायचं काही नाही, हे आधीच सांगून टाका.

यातलं किती तुम्हाला लागू पडेल ते तुमच्या शाळेवर आहे. आश्रमशाळेत मुलं चोवीस तास एकमेकांसमोर असतात, तिथे अब्रूचा भाग आणखी नाजूक. मुलींची संख्या फार कमी असेल तर त्यांना वेगवेगळ्या गटांत विखरू नका. मुख्याध्यापकांची साथ नसेल तर बिननावी पत्रिका एवढं एकच करा, त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

आणि एक सावधगिरी. सगळंच ‘वय’ नसतं. बोलका मुलगा महिनाभरात मिटला, डबा परत नेऊ लागला, अंगावर कापल्याच्या खुणा दिसल्या, मरण्याबद्दल थट्टेत का होईना बोलला, तर वाट पाहू नका. आपल्या भागात वर्गात एखादं तरी लेकरू असं असतं ज्याच्या घरी कर्जापायी बापानं काहीतरी करून घेतलेलं असतं, आणि ते वर्गात सगळ्यात जास्त हसतं. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा फुकट नंबर आहे, मराठीत बोलता येतं. मुलगी तुळशीच्या लग्नानंतर अचानक येईनाशी झाली तर बालविवाहाची शंका घ्या आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर लक्षात ठेवा. हे मानसशास्त्र नव्हे, पण चौदा वर्षांच्या मुलीचं शिकणं कशानं थांबतं यात हे सगळ्यात वरचं आहे.

आता तुमचा मुलगा. वर्गासमोर माफी मागायला लावू नका. मुख्याध्यापकांना शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ दाखवता येईल, मानसिक छळही त्यात बसतो, पण कायदा काढलात तर मुख्याध्यापक दुखावतील. त्यांना एवढंच सांगा की मला आठ दिवस द्या. पालकांना बोलावलंत तर बाप एका दिवसाची मजुरी बुडवून येईल आणि घरी जाऊन त्याला मारेल.

त्याला वर्गाबाहेर गाठा, एकट्याला. बोलावून समोर उभं करू नका. सायकलची चेन बसवत असेल, नळावर पाणी पीत असेल, तेव्हा. या वयाची मुलं समोरासमोर बोलत नाहीत, शेजारी शेजारी हात चालू असताना बोलतात. “पाचवीत बसवू का म्हणालो ते चुकलं माझं,” एवढं म्हणा. कारणं देऊ नका. खडू फेकणं बरोबर नव्हतं हेही म्हणा, पण त्याच वाक्यात नको, नंतर. तो काही बोलणार नाही, फार तर “हं” म्हणेल. ते पुरे. दुसऱ्या दिवशी पत्रिका गोळा करायचं काम त्याला द्या. सगळ्यांची उत्तरं त्याच्या हातात येतील आणि आपल्यासारखी किती जणांची चुकलीत ते त्यालाच आधी दिसेल.

मी काय म्हणाले ते करून पाहून दिवाळीनंतर कळवा. तोवर वेचणी लागलेली असेल आणि तुमचा पट अर्ध्यावर आला असेल. त्या दोन महिन्यांत शिकवायचं कसं, ते तेव्हा लिहीन.